खिडकीपर्यंतची केबल

१

गेनबा सापडला तो खिडकीपाशी. दार त्याच्या पाठीशी सताड उघडं होतं, आणि तरीही म्हातारा बाहेर आला नव्हता. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेले, बाकी अंगावर फारशी आच नाही. धुरानं घुसमटून गेला, असं डॉक्टरांनी लिहिलं.

ही गोष्ट नवीवाडीतली. धरणात गेलेलं शिवार सोडून माणसं वर सरकली आणि राजगडाच्या पायथ्याला ही वाडी वसली, म्हणून नवीवाडी. वाडीचं दूध संकलन केंद्र म्हणजे एका ओळीतल्या तीन जागा: पुढं जाळीची पडवी, मधे पेंडीच्या पोत्यांची खोली, मागं दूध थंड करणाऱ्या यंत्राची खोली. जळाली ती मधली. पडवीत नुसती काजळी धरली होती आणि मागचं यंत्र तर जसंच्या तसं उभं होतं. आग लागली त्या दुपारी झाडून सारी वाडी लग्नाच्या मांडवात होती. केंद्राचे अध्यक्ष आनंदराव यांच्या मुलीचं, सोनियाचं, लग्न. केंद्रावर एकटा गेनबा. उभी हयात मेंढरांमागं घालवून गुडघे गेले, तेव्हा हा माणूस केंद्रावर कॅन धुवायच्या कामाला लागला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहायक विद्युत निरीक्षक सुलक्षणा दरेकर वेल्ह्याहून जीपनं आल्या, तोवर गावानं निकाल लावून टाकला होता. केंद्राची वायरिंग करणारा बंडू पोलिसांच्या ताब्यात होता. हलकी वायर वापरली, ती जळाली, त्यात माणूस गेला. संध्याकाळपर्यंत त्याला भोरच्या कोर्टापुढं उभं करणार होते.

"आपल्याच गावचं पोरगं म्हणून काम दिलं त्याला," आनंदराव म्हणाले. मुलीची हळद अजून त्यांच्या नखांत होती. डोळे सुजलेले. "गेनबा काय परका होता का मला? पोलीस येईस्तोवर हितनं हललो न्हाई मी. म्हातारा बिचारा ओली पोती टाकून झटला असंल, पण असल्या वायरीपुढं पोती काय करणार?"

जाळीच्या कडेला एक बाई उभी होती. पदर कमरेला खोचलेला, ओठ घट्ट मिटलेले. बंडूची बायको रत्ना. केंद्राचं यंत्र तीच चालवायची.

"ताई," ती म्हणाली, "माज्या मालकानं हलकी वायर घातली न्हाई. पायजे तर कापून बघा."

सुलक्षणानं कापून बघितली. पडवीतल्या बोर्डापासून मधल्या खोलीच्या भिंतीवरून ती केबल मागच्या यंत्राकडं गेली होती. आतलं तांबं लालजर्द, अस्सल. सहा एमएमची केबल. मोकळ्या हवेत पस्तीस-चाळीस अँपिअर सहज वाहून नेणारी. यंत्राला लागत होते जेमतेम वीस. आणि बोर्डावर ब्रेकर बत्तीसचा. म्हणजे करंट बत्तिसाच्या वर जाऊन टिकला, तर खटका पडून वीज आपोआप बंद व्हावी. तिनं ब्रेकर तपासला. धडधाकट होता.

केबल चोख, ब्रेकर चोख, यंत्राचा भार निम्मा. बंडूनं कुठंच कसर ठेवली नव्हती.

मग आग लागलीच कशी?

२

वायरीला सोसवेल तेवढंच ओझं द्यावं लागतं. तारेतून वीज गेली की तार तापते. ती जेवढी ऊब अंगाबाहेर टाकू शकते, तेवढीच वीज तिनं न्यावी. जास्त दिली की ती आतून शिजते. आणि आतून शिजलेली केबल बाहेरून जळालेल्या केबलपेक्षा वेगळी दिसते. ते बघायला सुलक्षणा मधल्या खोलीत उकिडवी बसली.

खोलीत पेंडीच्या राखेचा आंबूस, खरपूस वास कोंडला होता. वरचे पत्रे एप्रिलच्या उन्हानं कडकडत होते. तिनं बोर्डाजवळचा केबलचा तुकडा हातात घेतला. वरचं कवच बरंचसं शाबूत होतं, पण आतल्या तांब्यावर त्यानं पकड सोडली होती. मनगटातली बांगडी फिरावी तसं ते फिरत होतं. आतून शिजल्याची खूण. खिडकीजवळचं कवच पार जळून गेलेलं. आणि खिडकीच्या पुढं?

तिनं पुढचा तुकडा कापला. कवच फिरवून बघितलं. हलेना. पुढं मागच्या खोलीपर्यंत केबल वरून काळी, आतून नव्यासारखी घट्ट.

ती तशीच बसून राहिली. केबल एकच, अखंड. एका टोकाला वीज शिरते, दुसऱ्या टोकाला यंत्र. मग खिडकीपर्यंत शिजते आणि खिडकीपुढं गार राहते, हे कसं?

रत्ना दारात येऊन थांबली होती. सुलक्षणानं मान वर न करताच विचारलं, "रत्ना, पाटाला वरच्या अंगाला भरपूर पाणी आहे आणि खालच्या अंगाला कमी, तर काय समजायचं?"

"मदी कुणीतरी पाट फोडलाय," रत्ना चटकन म्हणाली. आणि मग तिचा हात तोंडाकडं गेला.

खिडकीच्या खालच्या अंगाला केबलच्या तांब्यावर दुसरी तार आवळून गुंडाळल्याचे वळ होते. इथून कुणीतरी वीज बाहेर काढली होती. खिडकीबाहेर जमिनीत मांडवाच्या खांबांचे खड्डे अजून ताजे होते.

जोडाच्या शेजारी, जळाल्या भागाच्या अगदी काठावर, कवचाचा एक बोटभर तुकडा उरला होता. त्यावर आडव्याउभ्या बारीक रेघा उमटल्या होत्या. तिनं तो उजेडात धरला. गोणपाटाची वीण. आग लागायच्या आधी, कवच आतून मऊ पडत असताना, कुणीतरी त्यावर गोणपाट टाकलं होतं आणि त्याचा ठसा त्यात रुतला होता.

तिनं तुकडा पाकिटात ठेवला, कुणाला काही बोलली नाही.

खिडकीतून मांडवाला वीज गेली, हे ठरलं. पण एवढ्यानं बंडू सुटत नव्हता. यंत्र आणि मांडव मिळून केबल शिजेल इतका भार आला असेल, तर बत्तीसचा ब्रेकर पहिल्या काही मिनिटांतच पडायला हवा होता.

तो पडला का नव्हता?

३

मांडववाला कुमार सारोळ्याचा. हायवेच्या कडेला त्याचं दुकान होतं. तो अजून वाडीतच, टेम्पोत खुर्च्या भरत होता. निरीक्षकबाई दिसल्या तसा त्यानं हातातला दोर खाली टाकला.

"आपला जनरेटर होता की, मॅडम. तीन दिवस पलीकडं उभा होता, बयाबाईच्या परसात. कूलर, स्पीकर, भटारखान्यातला मिक्सर, सगळं त्याच्यावर. केंद्राच्या लाइटीला आम्ही कशाला हात लावू?"

"लग्नाच्या दिवशीही जनरेटरच चालू होता?"

"सकाळपास्नं. कुणालाही विचारा."

विचारून काय उपयोग होणार होता? मांडवात वाजंत्री, लहान पोरं, पाहुण्यांचा कालवा. जनरेटर चालू होता की बंद, कुणाच्या ध्यानात राहणार? सुलक्षणा बयाबाईच्या घराकडं वळली. बयाबाई म्हणजे गेनबाची बायको. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, लग्नाला गेलीच नव्हती. ओसरीवर बसली होती, समोर कुणीतरी आणून ठेवलेला चहा साय धरून पडला होता.

"बस लेकी," म्हातारी म्हणाली. "समदी म्हणत्यात, त्यो बिडी वढता वढता निजला. आगीचं कळलंच न्हाई त्याला. तू शिकलेली. तुला काय वाटतं?"

"बिडी ओढायचे का?"

"मेंढरांमागं व्हता तवा वढायचा. केंद्रावर गेल्यापास्नं न्हाई. दुधाला वास लागतो म्हनायचा." तिनं समोरची कपबशी चाचपून बाजूला सारली. "पर गावाच्या तोंडाला कोन हात लावनार? माज्या मानसाला येंधळा ठरवून मोकळी झाली."

सुलक्षणानं जनरेटरचं विचारलं.

"व्हता की हितं. माज्या पाठीमागंच. हळदीच्या दिशी असा काय बोंबलत व्हता, का चुलीवरचं आधण उकळल्यालं सुदिक मला ऐकू यीना. भाकरी थापता थापता दोन डाव चटका बसला."

"आणि लग्नाच्या दिवशी?"

"लग्नाच्या दिशी ब्येस झालं बग. मला दिसत न्हाई, तवा म्या हितंच बसून मंगलाष्टका ऐकल्या. पयल्या शब्दापास्नं शेवटच्या सावधानापतुर एकबी शब्द चुकला न्हाई. भटजीचा गळा लई ग्वाड. स्पीकरवर त्याचा श्वास सुदिक कळत व्हता."

सुलक्षणानं परसाकडं बघितलं. जनरेटरच्या चाकांच्या खुणा म्हातारीच्या बसायच्या जागेपासून हातभर अंतरावर होत्या. तिथं तो चालू असता, तर तिला भटजीचा श्वास सोडाच, भटजीची आरोळीसुद्धा ऐकू आली नसती.

स्पीकर चालू होता. जनरेटर बंद होता.

तेवढ्यात खिशातला मोबाईल वाजला. वेल्ह्याचे हवालदार. "मॅडम, बंडूला घेऊन निघतोय आम्ही. तुमचं काय लेखी असेल तर आत्ताच सांगा. नाहीतर गेला तो."

"वाटेत नवीवाडीला या," सुलक्षणा म्हणाली. "त्याला घेऊनच या."

फोन तर तिनं ठामपणे ठेवला. पण सांगण्यासारखं तिच्याकडं अजून अर्धंच होतं.

४

मंगलाष्टकांची गोष्ट ऐकल्यावर कुमार टेम्पोच्या फाळक्यावर बसला.

"पंप गेला हो जनरेटरचा, ऐन सकाळी. नवरदेवाची गाडी शिवेवर आलेली. मांडवात बायाबापड्या घामानं निथळायला लागल्या. म्हटलं, अर्ध्या तासाचा प्रश्न आहे. तेवढ्यात सारोळ्यावरनं दुसरा जनरेटर ओढून आणतो."

"आणि खिडकीतून जोड घेतलास."

"घेतला. पण ब्रेकर सारखा पडायला लागला. मग..." त्यानं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "मग माझ्या बोर्डाचा त्रेसष्टचा काढला आणि तिथं घातला. त्यांचा बत्तीसचा तिथंच पडवीत फळीवर ठेवला. मला कळत नाही असं नाही, मॅडम. कळतं. पण अर्धा तास म्हटलं! पुलावर ट्रक आडवा झालेला, मी अडकलो. येतोय तर इथं धूर."

आता सगळं जुळलं होतं. त्रेसष्टचा ब्रेकर साठ अँपिअरलाही पडणार नव्हता. वर तापलेले पत्रे, त्या उकाड्यात केबलची ताकद आणखी उतरलेली. त्यावर गोणपाट, म्हणजे ऊब बाहेर पडायची वाटच बंद. उन्हात राबणाऱ्या माणसाच्या अंगावर घोंगडी टाकावी तसं. ओलं असेतोवर गार लागतं. वाळलं की तेच जळण.

"पण आज तिथं बत्तीसचाच आहे," सुलक्षणा म्हणाली. "परत कधी बदललास?"

कुमारनं वर बघितलं. त्याच्या डोळ्यांत खरोखरीचा गोंधळ होता.

"मी? मी परत त्या पडवीत पाऊल टाकलं नाही. शपथ घेतो. मी आलो तेव्हा पोलीस दारात होते."

"जोड घ्यायला तुला कुणी सांगितलं? जाळीचं कुलूप कुणी उघडून दिलं?"

कुमार खाली पडलेला दोर गुंडाळायला लागला.

"कुमार, एक माणूस तिकडं बेड्यांत आहे."

"मॅडम, या चार गावांतली सगळी लग्नं मला एका माणसाच्या शब्दावर मिळतात असं समजा," तो खालच्या मानेनं म्हणाला. "मला काय करायचं ते करा. नाव नाही सांगणार."

जाळीच्या कुलपाच्या किल्ल्या दोन. एक आनंदरावांकडं, दुसरी रत्नाच्या कमरेला. गेनबालाही रोज यांतलंच कुणीतरी उघडून द्यायचं.

सुलक्षणा पडवीत आली तेव्हा रत्ना तिथं एकटीच होती. बोर्डासमोर उभी, हात वर उचललेला.

"रत्ना! हात लावू नकोस."

रत्ना दचकून मागं सरली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "ताई, हे... हे मालकांच्या हातचं न्हाई."

५

बोर्डावर ओळीनं चार ब्रेकर होते. चारही काजळलेले. तीन ब्रेकरांवरची अक्षरं सुलटी होती. चौथ्यावरची, बत्तीसच्या आकड्यासकट, उलटी. सकाळी सुलक्षणानं तो खटका वरखाली करून बघितला होता, आकडा वाचला होता, पण आपण मान वाकडी करून वाचतोय हे घाईत जाणवलं नव्हतं. स्वतःचाच राग आला तिला.

तिनं बोर्ड उघडला. त्रेसष्टच्या काळात तापलेली तारांची टोकं करपून तपकिरी झाली होती. पण ती ज्या ब्रेकरमध्ये घुसली होती, त्याचं प्लास्टिक आतून जुईच्या फुलासारखं पांढरं. बाकीच्या तिघांवर काजळी आपसूक बसली होती, फटीफटीत. याच्यावर ती बोटानं फासली होती.

हवालदारांची गाडी आली, तिच्यामागं वाडी जमली. बंडू खाली उतरला. दाढी वाढलेला, नजर जमिनीला. रत्ना पुढं झाली आणि हवालदाराकडं बघून थांबली. आनंदरावही आले. कुमारला तिनं बोलावून घेतलंच होतं. आणि कुणाच्या तरी हाताला धरून बयाबाई येत होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं.

सुलक्षणानं खिडकीतल्या जोडाचं सांगितलं, त्रेसष्टच्या ब्रेकरचं सांगितलं. कुमारनं मान डोलावली. लोकांत कुजबुज उठली.

"म्हंजे याचंच काम!" आनंदराव कुमारकडं बोट करून म्हणाले. "आणि मला सांगतोय जनरेटर चालू आहे!"

"जोड याचा. त्रेसष्टचा ब्रेकरही यानंच घातला," सुलक्षणा म्हणाली. "पण आगीनंतर कुणीतरी तो काढून पुन्हा बत्तीसचा बसवला. तो उलटा बसलाय. वायरमननं अंधारात बसवला तरी सुलटाच बसेल. हाताला सवय असते. म्हणजे बसवणारा कुमार नाही आणि बंडूही नाही. बंडू तर त्या दिवशी हिर्डोशीला कामावर होता, हे पोलिसांच्याच कागदात आहे."

"मग रत्ना," कुणीतरी मागनं म्हणालं. "नवऱ्याला वाचवायला."

"नवऱ्याला वाचवायला?" सुलक्षणा वळली. "त्रेसष्टचा तसाच राहिला असता, तर पोलिसांनी पहिला प्रश्न विचारला असता, हा कुणी घातला? बत्तीसचा दिसल्यावर तो प्रश्नच उरला नाही. ब्रेकर बरोबर, म्हणजे वायर खराब, म्हणजे बंडू दोषी. ज्यानं ब्रेकर बदलला त्यानं बंडूला वाचवलं नाही. बुडवलं. असं रत्ना करेल?"

लोकांच्या नजरा आनंदरावांकडं वळल्या. जाळीच्या दोनच किल्ल्या होत्या आणि आगीनंतर पोलीस येईपर्यंत तिथं कोण थांबलं होतं, हे वाडीतल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं.

आनंदरावांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "किल्ली असली म्हणून काय झालं? माझ्या घरचं लग्न होतं. मी मांडव सोडून इकडं कशाला येतो? मला यातलं काय ठाऊक?"

"आनंदराव, सकाळी तुम्ही मला म्हणालात, म्हातारा ओली पोती टाकून झटला असेल. आठवतं?"

"म्हटलो असंल."

"पंचनाम्यात ओल्या पोत्यांचा उल्लेख नाही. पोती जळून राख झाली, त्या खोलीत पेंडीची राख ढिगानं होती, त्यात ती मिसळली. गोणपाट केबलवर होतं, हे मला एका बोटभर तुकड्यावरून कळलं, आणि तेही तुम्ही बोलल्यानंतर." तिनं पाकीट उघडून तुकडा तळहातावर धरला. "हा ठसा आगीत उमटलेला नाही. आगीच्या आधीचा आहे. ती पोती आग विझवायला टाकली नव्हती, केबल गार करायला टाकली होती. ओली टाकली होती, हे या तुकड्यावरून मलाही कळलं नसतं. तुम्हाला कुणी सांगितलं?"

आनंदराव तुकड्याकडं बघत राहिले. त्यांच्या कपाळावरचा घाम भुवयांत उतरला, तरी त्यांनी तो पुसला नाही.

"मीच सांगितलं त्याला," ते म्हणाले.

आवाज इतका बारीक होता, की मागच्यांना ऐकूच गेला नाही.

६

गेनबा मांडवात आला होता. नवरानवरी बोहल्यावर उभी राहत होती, अंतरपाट धरायची घाई चालली होती. म्हाताऱ्यानं गर्दीतून वाट काढत आनंदरावांना गाठलं. वायरीला हात लाववंना, म्हणाला. लई तापलीया. बटन बंद करू का?

"मी म्हटलो, बटनाला हात लावू नगंस. ऐन मंगलाष्टकात स्पीकर बंद पडला तर पावण्यांत नाक जाईल. दोन-चार गोणपाटं भिजवून टाक वायरीवर, आन् लक्ष ठेव. अक्षता पडल्या की मी मानूस धाडतो, मग बंद कर." त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "लई सरळ मानूस. बरं म्हणला, गेला."

आता दाराचं कोडं कुणाला सांगायची गरज उरली नाही. बटण पडवीत होतं. आल्या वाटेनं दोन ढेंगा टाकून गेनबाला ते खाली ओढता आलं असतं, बाहेर पळता आलं असतं. पण बटनाला हात लावू नकोस असं सांगितलं होतं. गोणपाटं वाळून धुपायला लागली तेव्हा त्यानं ती हातांनी ओढून काढायचा प्रयत्न केला. दोन्ही हात त्यात भाजले.

"मी आलो तवा सगळं संपलं होतं," आनंदराव म्हणाले. "लोकांनी त्याला उचलून बाहेर आणलं. खांबावरची लाइट तोडली. मग माणसं पाण्याकडं पांगली, आन् मी पडवीत एकटाच राहिलो. फळीवर तो ब्रेकर होता. वाटलं, हे कळलं तर पोरीच्या सासरी... तिच्या पयल्याच दिवशी... जोडाची तार मी खिडकीतनं बाहेर वढली, ब्रेकर बदलला. बंडूचं नाव येईल हे तेव्हा सुचलंच न्हाई. आलं, तवा गप बसलो."

बंडू इतका वेळ मान खाली घालून उभा होता. आता त्यानं वर बघितलं आणि रत्नाच्या खांद्यावर हात टेकला. हवालदारानं त्याच्या दुसऱ्या हाताची पकड सोडली होती.

बयाबाई गर्दीतून पुढं आली. लोक बाजूला झाले. आवाजाच्या अंदाजानं ती आनंदरावांसमोर येऊन थांबली. सुलक्षणाला वाटलं, म्हातारी आता शिव्याशाप देणार, छाती बडवणार. आनंदरावांनाही तेच वाटलं असावं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"म्हंजे निजला नव्हता त्यो," म्हातारी म्हणाली.

"न्हाई, वैनी. जागा होता."

"तुला सांगाया आला व्हता."

"आला होता."

म्हातारीनं मान हलवली. एवढं ऐकायलाच जणू ती चालत आली होती. मग घरातल्या माणसाची चौकशी करावी तशा आवाजात तिनं विचारलं,

"सकाळी न्ह्यारी न करता गेल्ता. लग्नात जेवतो म्हनला व्हता. मांडवात आला, तवा जेवला का?"

आनंदरावांनी डोळे उघडले.

"न्हाई, वैनी. पयल्या पंगतीला बोलावतो म्हटलो होतो." त्यांनी खाली बघितलं. "अक्षता पडल्या, पावणे भेटायला लागले... आन् मी इसरलो."